‘तुम्हाला याची गरज नाही’ : डॉ. सुलोचना भिंगारदिवे यांच्या साठीनिमित्त

डॉ. सुलोचना भिंगारदिवे यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्या माझ्यासाठी डॉक्टर नव्हत्या, पेशंट होत्या. नगरच्या एका खासगी रुग्णालयात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. शेवगावहून एसटीने ये-जा करायचे. मॅडमचा उजवा खांदा आखडला होता. हात डोक्यापर्यंत जात नव्हता, वेणी घालायलासुद्धा दुसऱ्याची मदत लागत होती. मी जेल लावून अल्ट्रासाउंडचा शेक द्यायला सुरुवात केली. अशा वेळी बहुतेक पेशंट डोळे मिटून पडतात, नाहीतर मोबाईल बघतात. मॅडमनी मात्र प्रश्न विचारायला सुरुवात केली. या लहरी किती खोल जातात? हाडाजवळ आल्यावर चटका का बसतो? वाटेतल्या चरबीत त्यांचं काय होतं? मला काही उत्तरं आली, काही आली नाहीत. जिथे आली नाहीत तिथे मी सरळ ‘माहीत नाही’ म्हणून टाकलं.

खांदा मोकळा झाल्यावर त्या निरोप घ्यायला आल्या आणि म्हणाल्या, “माझ्याकडे येतेस का कामाला? माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारं माणूस मला हवंय.” त्या दिवसापासून आजपर्यंत मी त्यांच्याच दवाखान्यात आहे. आज त्यांना साठ वर्षं पूर्ण होत असताना गौरव समितीने मला लिहायला सांगितलं. गौरवलेखात आनंदाचं लिहायचं असतं हे मला कळतं. हा लेख पुरता तसा होणार नाही, याची कल्पना मी समितीलाही दिली आहे आणि मॅडमनाही.

मॅडम मूळच्या भिंगारच्या. वडील लष्कराच्या डेपोत कामगार. बौद्ध वस्तीतल्या त्या गल्लीतून डॉक्टर झालेली पहिली मुलगी म्हणजे मॅडम. मेडिकलला नंबर लागला तेव्हा वडिलांनी गल्लीत खीर वाटली होती, हे त्या अजूनही सांगतात. त्वचारोगात पदव्युत्तर शिक्षण घेऊन पुण्या-मुंबईत राहण्याऐवजी त्यांनी नगरमध्येच, सावेडीत दवाखाना काढला. गजकर्ण, खरूज, कोड, भाजल्याचे डाग असे पेशंट पाथर्डी-शेवगावकडून यायचे. कोड असलेल्या मुलीचा हात त्या हातमोजा न घालता हातात घ्यायच्या आणि बरोबर आलेल्या नातेवाइकांना दिसेल असा बराच वेळ धरून ठेवायच्या. हा आजार शिवल्याने होत नाही, हे त्यांनी शब्दांत क्वचितच सांगितलं असेल.

अशा दवाखान्यात चरबी कमी करायचं यंत्र कसं आलं, असं पुष्कळांनी मला विचारलं आहे. त्याचं कारण तिसगावच्या एक शिक्षिका. त्या मॅडमच्या जुन्या पेशंट. बाळंतपणानंतर सुटलेल्या पोटाचा त्यांनी फार धसका घेतला होता. कुणाला न सांगता त्या लांबच्या एका शहरात गेल्या आणि भूल घेऊन चरबी शोषून काढायची शस्त्रक्रिया करून आल्या. जखमेत पू झाला. कित्येक महिने त्या अंथरुणावर होत्या. मॅडमकडे आल्या तेव्हा पोटाची कातडी जागोजागी काळी पडून आत ओढली गेली होती.

“मॅडम, तुम्हाला आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं,” त्या रडत म्हणाल्या.

त्या गेल्यावर मॅडम मला म्हणाल्या, “विचारलं असतं तर मी काय दिलं असतं गं? मी फक्त ‘जाऊ नका’ म्हणाले असते. त्याने कोण थांबतं?”

त्यानंतर त्यांनी या विषयाचा अभ्यास सुरू केला. खांद्याला शेक देताना मी वापरायचे त्याच जातीच्या लहरी, पण एका बिंदूवर एकवटलेल्या. कातडीला धक्का न लावता त्या खालच्या चरबीच्या पेशी मारतात आणि मेलेल्या पेशी शरीर हळूहळू, काही आठवड्यांत, स्वतःच बाहेर टाकतं. चीर नाही, भूल नाही, टाके नाहीत. आम्ही दोघी मुंबईला जाऊन हे काम शिकून आलो. यंत्र आल्यावर त्याखाली पहिल्यांदा मॅडम स्वतः झोपल्या. अंगावर फिरवायचा प्रोब माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “माझ्या कमरेवर कर. काय वाटतं ते मला कळलं पाहिजे.” मी केलं. त्यांनी ओठ दाबून धरले. नंतर उठून म्हणाल्या, “गरम सुई टोचल्यासारखं होतं. आता ‘काहीच होत नाही हो’ असं मी कुणाला सांगणार नाही, आणि तूही सांगायचं नाहीस.” दुसऱ्या दिवशी तिथे निळे डाग उठले. ते त्या कितीतरी बायकांना पदर बाजूला करून दाखवायच्या.

मॅडमच्या कामाची शिस्त मी इथे मुद्दाम लिहिते, कारण ती आता दुर्मीळ झाली आहे. पेशंटशी आधी एकटीशी बोलायचं. नवरा, सासू, आई, कुणी असो, बाहेर. मग बोटांच्या चिमटीत चरबी पकडून बघायची. चिमटीत काही आलंच नाही तर यंत्र चालू करायचंच नाही. आलं तरी आधी सांगायचं, की वजन कमी होणार नाही, घेर थोडासा कमी होईल, तोही लगेच नाही, आणि खाणं-चालणं सांभाळलं नाही तर परत वाढेल. आलेल्यांपैकी बऱ्याच जणी एवढं ऐकूनच उठून जायच्या. आणि ज्यांना खरंच काही करायचं कारण नसे त्यांना मॅडम एकच वाक्य म्हणायच्या, “तुम्हाला याची गरज नाही.” ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की त्यातला त्यांचा आवाज मला आत्ताही ऐकू येतो.

कांताबाईंची गोष्ट त्या काळातली. पाथर्डी तालुक्यातल्या शेतकरी घरच्या बाई. सुनेच्या मोबाईलवर जाहिरात बघून आल्या होत्या. बेंबीपाशी पोट पुढे आलं होतं.

“मॅडम, येवढी चरबी काडून टाका. लई अवघडल्यासारकं हुतं. वाकता येत न्हाई,” त्या म्हणाल्या.

मॅडमनी पोटावर हात ठेवला. “जरा खोका बघू, कांताबाई.”

कांताबाई खोकल्या. मॅडमचा हात वर उचलला गेला. त्यांनी मलाही हात लावून बघायला सांगितलं. “ही चरबी नाही, आतडं आहे. हर्निया आहे तुम्हाला. यावर यंत्र फिरवलं असतं तर अनर्थ झाला असता.”

“आता वो?” कांताबाई घाबरल्या. “माझ्यासंगं तर कुनी बी न्हाई.”

“मी आहे ना,” मॅडम म्हणाल्या. बाहेर बसलेल्या पेशंटची माफी मागून त्या स्वतः त्यांना रिक्षाने ओळखीच्या सर्जनकडे घेऊन गेल्या. ऑपरेशनच्या दिवशीही गेल्या. कांताबाई अजून येतात. येताना ज्वारीचं पीठ आणतात, आणि मॅडमच्या खुर्चीशेजारी नुसत्या बसून राहतात.

माझ्यावर त्यांनी केलेली माया सांगायची तर एक प्रसंग पुरे. मुलाच्या जन्मानंतर मी कामावर परत आले तेव्हा माझं अंग चांगलंच सुटलं होतं. एक पेशंट बाई हसून म्हणाल्या, “अहो, यंत्र तुमच्याच हातात आणि तुम्हीच अशा?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमनी ऐकलं होतं. त्या बाईंना त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र अळिवाचे लाडू घेऊन आल्या आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. “अंगावर पाजतेस ना? मग खा. माझ्यासमोर खा.” बाळ वर्षाचं होईपर्यंत दुपारच्या जेवणाला त्यांनी मला कधी एकटं बसू दिलं नाही.

इथवर लिहिताना हात चालला. आता पुढचं.

दवाखान्यात लग्नाळू मुली यायला लागल्या तेव्हापासून मॅडमच्या चेहऱ्यावर एक थकवा यायला लागला होता. एकदा शेवगावकडची एक मुलगी आली. लग्न ठरलेलं. बरोबर होणारी सासू. ‘जरा पोट आणि दंड कमी करून घ्या, फोटोत बरं दिसत नाही,’ अशी त्यांची अट. मॅडमनी सासूबाईंना बाहेर बसवलं. आत मुलगी खाली मान घालून म्हणाली, “मला न्हाई करायचं. पन आमच्या दादांना सांगू नका, मी असं म्हनले म्हनून.” दादा म्हणजे तिचे वडील. मॅडम बाहेर आल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, “वैद्यकीय कारणाने हे हिला करता येणार नाही. आणि खरं सांगू का, हिला याची गरजही नाही.”

काही दिवसांनी मुलीचे वडील दवाखान्यात आले. उभ्यानेच बोलले. “डॉक्टरीनबाई, तुमच्या एका शब्दानं माझ्या पोरीचं लगीन मोडलं. लोकं म्हनत्यात पोरीला काय तरी आजार हाय. तुमाला काय मिळालं यातून?”

मॅडमनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं, समजावू पाहिलं. ते बसले नाहीत. पुढे कळलं, की त्या मुलीने दुसरीकडे जाऊन सगळं करून घेतलं आणि मग दुसऱ्या घरी तिचं लग्न झालं. त्या दिवशी मॅडम मला म्हणाल्या, “म्हणजे माझ्या नाही म्हणण्याचा उपयोग काय झाला, वंदना? मुलीची बदनामी तेवढी झाली.” मी म्हणाले, असं नसतं मॅडम.

मॅडमना एकच मुलगी. संघमित्रा. आम्ही सगळे तिला मित्रा म्हणायचो. त्यांचं घर दवाखान्याच्या वरच. शाळेतून आली की मित्रा खाली रिसेप्शनच्या बाकावर बसून अभ्यास करायची. तिच्यासमोर बायका यायच्या, बसायच्या, बोलायच्या. माझे दंड बघा. माझी हनुवटी बघा. मांड्या घासतात हो चालताना. मित्रा मान खाली घालून गणितं सोडवत असायची. ती हे ऐकते आहे असं आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मॅडमनी तिच्या अंगाविषयी उभ्या आयुष्यात एक शब्द काढला नव्हता, बरा नाही की वाईट नाही. सर, म्हणजे मॅडमचे यजमान, कॉलेजात इतिहास शिकवायचे. तेही मितभाषी. घर शांत होतं. सुखी होतं, असंच आम्हाला वाटायचं.

मित्रा इंजिनिअरिंगला पुण्याला गेली. एका दिवाळीत आली तेव्हा दवाखान्यात येऊन टेबलावर चढून बसली आणि पाय हलवत म्हणाली, “आई, माझं पण कर ना एकदा.”

मॅडम हसल्या. पण मित्रा हसत नव्हती. तेव्हा मॅडमनी तिला इतरांसारखंच झोपवलं, कमरेला चिमटी लावून बघितली. मी तिथेच होते. चिमटीत काहीही आलं नाही.

“मित्रा, पकडायलासुद्धा काही नाही. तुला याची गरज नाही, बाळा.”

मित्रा उठून बसली. कुर्ता नीट केला. म्हणाली, “तू सगळ्यांना हेच म्हणतेस.”

एवढंच बोलून ती वर गेली. मॅडम हात पुसत राहिल्या. मला म्हणाल्या, “हिने मला नुसत्या डॉक्टरांच्यात घातलं.” मग थोडं थांबून, “की मीच हिला पेशंटच्यात घातलं?”

पुढच्या वेळी ती घरी आली तेव्हा पोटावर भाजल्याचे व्रण होते. पुण्यात कुठल्या तरी पार्लरमध्ये, शिकलेलं कुणी नसताना, असलंच काहीतरी स्वस्त यंत्र फिरवून घेतलं होतं. तिने लपवलं होतं. कपडे वाळत घालताना तिने हात वर केले आणि मॅडमना ते दिसलं. मॅडम ओरडल्या नाहीत. ड्रेसिंगचं सामान घेऊन वर गेल्या आणि रोज स्वतः मलमपट्टी करू लागल्या. मी मदतीला असायचे.

“तुला राग नाही आला, आई?” मित्राने एकदा विचारलं.

“आला. पण तुझा नाही.”

“मग कुणाचा?”

मॅडम पट्टी चिकटवत राहिल्या. व्रण भरून आले, कातडी बरीच नीट झाली. मॅडमचं ते काम मी आजवर पाहिलेल्या त्यांच्या कामांतलं सगळ्यात सुंदर काम होतं. पण तोवर मित्राचं जेवण सुटलं होतं.

जाड होण्याच्या भीतीने जेवण तोडणारा हा आजार काय असतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. घरात बघितलं तेव्हा कळलं, की माझं शिक्षण तिथे काहीच कामाचं नाही. कॉलेज थांबवलं. पुण्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नियमित नेणं सुरू झालं. सरांनी रजा टाकली. मॅडम दोन्ही वेळा मित्रासमोर बसायच्या, स्वतःच्या ताटातलं अन्न गार होऊ द्यायच्या आणि तिने एक घास घेतला की मग आपण घ्यायच्या. मित्रा कधी खायची, कधी रडायची, कधी ताट सरकवून म्हणायची, “माझ्याकडे असं बघू नकोस ना, आई.” मध्ये एक बरा काळ आला. तिने आपणहून भेळ मागितली. मॅडमनी ओपीडी तशीच सोडली आणि पायांत चपला सरकवून स्वतः आणायला गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा इतका उजळलेला होता, की बाहेर बसलेल्या पेशंटनी विचारलं, “मॅडम, काय आनंदाची बातमी?” मॅडम म्हणाल्या, “पोरीने भेळ मागितली.” कुणाला काही कळलं नाही. सगळे हसले. त्याही हसल्या.

तो काळ टिकला नाही. मित्राला पुण्याच्या रुग्णालयात ठेवावं लागलं. सर तिच्याजवळ होते. मॅडम एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. एका दुपारी ओपीडी चालू असताना सरांचा फोन आला. तिच्या हृदयाचे ठोके बिघडले होते. मॅडमनी हातमोजे काढले, समोरच्या पेशंटला म्हणाल्या, “मला जायला हवं,” आणि निघाल्या. मी त्यांच्याबरोबर गाडीत बसले. सुपा गेलं. शिरूरच्या अलीकडे पुन्हा फोन वाजला. मॅडमनी तो कानाला लावला. गाडीत एवढी शांतता होती, की सरांचा आवाज मलाही ऐकू आला.

“सावकाश या. आता घाई नाही.”

मॅडमनी फोन मांडीवर ठेवला. ड्रायव्हरला म्हणाल्या, “सावकाश चला.”

त्यानंतर त्या दवाखान्यात परत आल्या ते लोकांना धैर्य वाटलं. मला ते धैर्य वाटलं नाही. त्यांना दुसरीकडे कुठे जायचं माहीत नव्हतं. त्वचेचे पेशंट त्या पूर्वीसारखेच तपासू लागल्या, तितक्याच हलक्या हाताने. पण एक दिवस मित्राच्या वयाची एक मुलगी आली. तशीच सडसडीत. पोट कमी करायचं म्हणाली. मॅडमनी तिला झोपवलं, चिमटी लावली आणि तशाच उभ्या राहिल्या. मी वाक्याची वाट बघत होते. वाक्य आलं नाही. त्या वळून मला म्हणाल्या, “वंदना, तू बघ,” आणि बाहेर गेल्या. मी त्या मुलीला सगळं नीट समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आभार मानले आणि गेली.

बाहेर आले तर मॅडम खिडकीशी होत्या. आमच्यासमोर रस्त्यापलीकडे चरबी कमी करायचं नवीन सेंटर उघडलं आहे, काचेवर बारीक कमरेच्या बाईचं मोठं चित्र आहे. ती मुलगी रस्ता ओलांडून त्या दारात शिरली.

“बघितलंस?” मॅडम म्हणाल्या. “आयुष्यभर मी हेच केलं. माझ्या नाही म्हणण्याने एकही मुलगी घरी गेली नाही. माझ्या दारातून उठून दुसऱ्याच्या दारात गेली.”

“कांताबाई?” मी म्हणाले.

“तो हर्निया होता गं. तो कुणालाही सापडला असता.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “एक सांग. मी मित्राला त्या दिवशी हो म्हणाले असते, खोटंखोटं प्रोब फिरवला असता, तर ती पुण्यात तिथे गेली नसती ना? आणि खरं फिरवलं असतं, तर तिला वाटलं असतं, आईलाही मी जाडच दिसते. हो ना? मग मी काय करायला हवं होतं?”

हा प्रश्न त्यांनी मला विचारला, सरांना विचारला, त्या मानसोपचारतज्ज्ञांनाही विचारला. डॉक्टर म्हणाले, “हा आजार एका वाक्याने होत नाही, मॅडम, आणि एका वाक्याने थांबतही नाही.” ते खरंच असणार. मॅडमनी मान हलवली. पण प्रश्न विचारणं थांबवलं नाही.

आता चरबीचं यंत्र मी चालवते. मॅडम त्या खोलीत येत नाहीत. त्यांची सगळी शिस्त मी पाळते. मुलींना एकटीला बसवून बोलते, हल्ली तर जेवणाविषयीही विचारते, शंका आली तर पुण्याच्या त्याच डॉक्टरांचं नाव देते. एखादी जाते त्यांच्याकडे. बाकीच्या रस्ता ओलांडतात. मॅडमचं काम आता माझ्याकडे आलं आहे आणि ते आम्ही हरत चाललो आहोत, हे गौरवग्रंथात लिहिताना मला वाईट वाटतं. पण मॅडमनी शिकवलेलं काम करणाऱ्या माणसाने खोटा रिपोर्ट लिहू नये.

गेल्या लग्नसराईत माझ्या चुलत बहिणीचं लग्न शेवगावला होतं. मी फार आग्रह केला म्हणून मॅडम आल्या. त्या पूर्वी अंगाने चांगल्या भरलेल्या होत्या. मित्रा गेल्यापासून त्या इतक्या उतरल्या आहेत, की ब्लाउज खांद्यावरून घसरतो आणि बांगड्या कोपरापर्यंत जातात. जेवणाच्या मंडपात ओळखीच्या बायकांनी त्यांना घेरलं.

“आगं बया, मॅडम! किती बारीक झालात वो!”

“लई भारी दिसतंय. काय केलंत? त्ये मशीन लावलं का सोताला?”

“आमाला बी सांगा की, मॅडम.”

त्यांना काही माहीत नव्हतं. त्या मनापासून कौतुक करत होत्या. मॅडमनी एकेकीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि अगदी साधेपणाने म्हणाल्या, “मला जेवण जात नाही.”

“मग तसलंच काय तर औषद आमाला बी द्या,” एक जण म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

मॅडमनी ताट हलक्या हाताने खाली ठेवलं. “येते हं,” म्हणाल्या आणि जाऊन गाडीत बसल्या. मी मागे गेले. त्या रडत नव्हत्या. काचेतून मंडपाकडे बघत म्हणाल्या, “बघ, शेवटी यांना हवी तशी झाले मी.”

त्यांच्या साठीचा समारंभ करायचा असं पेशंट आणि सहकाऱ्यांनी ठरवलं तेव्हा त्या नाही म्हणाल्या. सरांनी समजावलं, “तुझ्या हातून बरे झालेले लोक आहेत. त्यांना येऊ दे.” मग त्यांनी विरोध सोडला. या लेखाची परवानगी मागायला मी गेले, मित्राविषयी लिहू की नको असं विचारलं. त्या म्हणाल्या, “लिही. तिला वगळून माझी साठ वर्षं कशी सांगशील?” आणि मी उठताना म्हणाल्या, “दीर्घायुष्य वगैरे मात्र लिहू नकोस. कशाला हवंय ते आता?”

मॅडमचा शब्द मी सहसा मोडत नाही. हा मोडते.

मॅडम, तुमच्या हाताखाली बरी झालेली कातडी या जिल्ह्यात हजारो अंगांवर आहे. तुम्ही हातात घेतलेले कोडाचे हात आज लेकरांना भरवत आहेत. तुम्ही हे हिशेबात धरत नाही, हे मला माहीत आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तरही माझ्याकडे नाही. ते सापडलं तरी मित्रा परत येणार नाही आणि समोरचं दुकानही बंद होणार नाही. पण उद्या सकाळी एखादी मुलगी आमच्या दारात येणार आहे, आणि तिच्याशी काय बोलावं हे अजून मला एकटीला कळत नाही. तेव्हा तुम्ही बाहेरच्या खोलीत असलात तरी मला पुरे आहे. तुम्ही पुष्कळ जगा. औषधं वेळेवर घ्या. आणि दुपारी माझ्यासमोर बसून जेवा, मी तुमच्याकडे बघणार नाही, माझ्या ताटात बघेन. तुमच्या अंगावर मूठभर मांस चढो, बांगड्या पुन्हा मनगटाशी थांबोत. आणि शेवगावच्या मंडपात एखाद्या बाईने तुम्हाला बघून नाक मुरडत म्हणावं, “मॅडम, सुटलात की वो!” एवढं एकदा माझ्या कानांनी ऐकायला मिळो.